पाऊस आहे, पेरणी नाही : ‘तुंबाड’च्या भयाविषयी काही आक्षेप

भयकथेला मराठी समीक्षेने कधी ओसरीच्या आत घेतले नाही. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांचा वाचकवर्ग मोठा होता; परंतु विद्यापीठीय चर्चेत त्यांचा उल्लेख ‘लोकप्रिय साहित्य’ या कोष्टकापलीकडे क्वचितच गेला. भूत हा विषय एक तर लोकसाहित्याच्या अभ्यासकाचा किंवा अंधश्रद्धा निर्मूलन करणाऱ्या कार्यकर्त्याचा. समीक्षकाचा नव्हे, अशी एक अलिखित वाटणी आपण मान्य करून टाकली होती. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ने ही वाटणी मोडली, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. २०१८ मध्ये व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा आरंभ या चित्रपटाने झाला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला आणि २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा त्याने पहिल्या खेपेहून अधिक गल्ला जमवला. चित्रपट हिंदी असला तरी त्याचे बीज मराठी आहे. धारपांच्या ‘आजी’ या कथेचे, आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’चे, ऋण त्यात उघड दिसते. शीर्षक तर श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या द्विखंडी कादंबरीची आठवण करून देणारे आहे.

‘तुंबाड’ गंभीर चर्चेचा विषय झाला ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र ही चर्चा ज्या एका अन्वयार्थापाशी येऊन विसावली आहे तो प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. हस्तर म्हणजे लोभ, विनायक म्हणजे लोभाने ग्रासलेला माणूस आणि तुंबाड म्हणजे लोभाने शापित झालेली भूमी, हे समीकरण आता इतके रूढ झाले आहे की ते मांडले म्हणजे समीक्षा पूर्ण झाली असे समजले जाते. माझे म्हणणे असे, की या चित्रपटातील भूत मुळात भुकेचे आहे. त्याला लोभाचे भूत चित्रपटाने स्वतःच केले, आणि समीक्षेने ते निमूटपणे स्वीकारले. या भाषांतरात जे हरवले त्याचा हिशेब येथे मांडायचा आहे.

हा हिशेब आजऱ्यात बसून मांडला जात आहे, याला थोडे महत्त्व आहे. आजरा सह्याद्रीच्या माथ्याजवळचा, आंबोली घाटाच्या वरच्या अंगाचा तालुका. येथे पाऊस भरपूर पडतो, हिरण्यकेशी दुथडी भरून वाहते, आणि पाऊस म्हणजे काम असे येथे प्रत्येकाला जन्मापासून ठाऊक असते. रोपांचे तरवे, चिखलणी, लावण. इरली गेली आणि प्लॅस्टिकची खोळ आली एवढाच फरक. येथल्या घनसाळ भाताला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांबरोबर ‘तुंबाड’ पुन्हा पाहिला तेव्हा चर्चेत प्रतीके, गर्भाशयाची प्रतिमा, वडील-मुलगा संबंध असे अपेक्षित मुद्दे येऊन गेले. शेवटी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, एवढा पाऊस दाखवलाय, पण भात कुठंच लावलेलं नाही. ही माणसं खातात काय?” वर्ग हसला. मीही हसलो. घरी येईपर्यंत मात्र या प्रश्नाने माझ्या तयार टिपणांची वासलात लावली होती.

प्रथम चित्रपटाच्या बाजूने जे बोलले पाहिजे ते बोलू. ‘तुंबाड’ने रचलेली पुराणकथा अलीकडच्या भारतीय भयपटांत अपवादात्मक म्हणावी अशी आहे. समृद्धीची देवी, तिचा पहिला पुत्र हस्तर, त्याने देवीचे सोने हस्तगत करणे आणि धान्याकडे हात वळवताच इतर देवांनी त्याच्यावर तुटून पडणे. मग आईने त्याला पुन्हा आपल्या उदरात दडवणे आणि त्याचे नाव कोणी घेऊ नये, त्याची पूजा होऊ नये ही अट. या कथेत एक विलक्षण सूक्ष्म विचार दडलेला आहे. हस्तराकडे सोने आहे, अन्न नाही. तो युगानुयुगे उपाशी आहे. त्याला बाहेर काढायचे असेल तर कणकेची बाहुली दाखवावी लागते. सोन्याचा राखणदार पिठाच्या गोळ्यावर झडप घालतो, तेवढ्या अवधीत त्याच्या लंगोटातून मोहरा ओढून घ्यायच्या. सोने आणि धान्य यांतील मूल्याचा असा उलटा हिशेब एका भयप्रतिमेत बसवणे ही सामान्य कामगिरी नव्हे.

दुसरे सामर्थ्य पहिल्या प्रकरणात, म्हणजे १९१८ च्या भागात आहे. विनायकाची आई सरकारच्या वाड्यावर राबते. ही सेवा शरीराचीही आहे आणि ती दाखवताना कॅमेरा कोणतीही सोज्वळ सबब शोधत नाही. साखळीने जखडलेल्या म्हातारीला वेळेवर भरवणे, तिला झोपेत ठेवणे हेही तिचेच काम. या सर्वांच्या अखेरीस तिला हवी आहे ती एक मोहर. या प्रकरणापुरते सोने म्हणजे लूट नाही, ती मजुरी आहे आणि थकलेली मजुरी आहे. म्हातारीला भरवण्याची पाळी एकट्या लहान विनायकावर येते तो प्रसंग धारपांच्या कथेच्या ऋणातून आला असला तरी येथे त्याला एक नवे परिमाण लाभते: घरातल्या पोराला घास नाही आणि भुताचे ताट चुकवता येत नाही.

तिसरे सामर्थ्य रूपबंधाचे. पंकज कुमार यांचे छायाचित्रण, वाड्याचा ओला दगड, विहिरीतून गर्भाशयात उतरण्याची रचना आणि ध्वनी यांनी जो अनुभव घडतो तो भयानकापेक्षा बीभत्साच्या अधिक जवळ जातो. अचानक दचकवण्यापेक्षा जुगुप्सा संथपणे मुरवत नेण्यावर चित्रपटाचा भर आहे. तोदोरोव्हने १९७० मध्ये केलेली मांडणी अनेकांना येथे आठवेल. घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक या दोलायमानतेतच विलक्षणाचा प्रदेश असतो, असे तो म्हणतो. ‘तुंबाड’मध्ये ही दोलायमानता जवळजवळ नाही, आरंभीच्या निवेदनाने हस्तराचे अस्तित्व मान्य करूनच आपण आत शिरतो. काहींनी हा दोष मानला आहे. मला तो मानवत नाही. आपल्याकडच्या भूतकथा ऐकणाऱ्याला भूत आहे की नाही हा प्रश्न मुख्य नसतो; ते कोणत्या जागेचे, त्याला काय द्यावे लागते आणि त्याची हद्द कुठे संपते हे प्रश्न मुख्य असतात. ‘तुंबाड’ या प्रश्नांना सामोरा जातो. तक्रार आहे ती त्याने दिलेल्या उत्तरांविषयी.

दोषाकडे वळताना आरंभच पाहावा. गरज आणि लोभ यांत भेद करणारे, गांधीजींच्या नावावरचे प्रसिद्ध वचन पडद्यावर येते आणि मगच कथा सुरू होते. म्हणजे भुकेची कथा सांगायच्या आधीच तिचे नैतिक तात्पर्य प्रेक्षकाच्या हाती दिले जाते. त्यानंतरचा सारा प्रवास या तात्पर्याच्या दिशेने होतो. १९३३ मध्ये विनायक परततो तो मजुरी मागायला नव्हे. सरकारचा अनौरस मुलगा असल्याची सूचना चित्रपटाने आधीच केलेली आहे. तो वारसा वसूल करायला येतो. १९४७ मध्ये तो हेच कसब पांडुरंगाला शिकवतो. बापाने मुलाला वसुलीचे तंत्र शिकवायचे आणि मुलाने त्यात बापावर ताण करायची, याला आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे: वतन. चित्रपट या शब्दाच्या उंबरठ्यापर्यंत येतो आणि मागे फिरतो. वतन ही व्यवस्था असते, तिला कागद असतात, तिच्यात देणारे आणि घेणारे असतात. लोभ हा मात्र मनाचा विकार, तो कोणालाही जडू शकतो. व्यवस्थेच्या जागी विकार बसवला की गुन्हेगार अदृश्य होतो आणि उरतो तो पापी.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. तुंबाड हे गाव कल्पित नाही. ते रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यात जगबुडीच्या काठी आहे, आणि पेंडशांनी त्या काठावर चार पिढ्यांच्या खोतांची कथा रचली. खोत हा कोकणच्या जमीनव्यवस्थेतील कळीचा माणूस. सरकारचा सारा भरणारा आणि कुळांकडून अर्धेल, तिर्धेल अशा हिश्शांनी भात उचलणारा. त्याखेरीज वेठही घेणारा. कोकणात संपत्तीचे कोठार कोणा देवीच्या पोटात नव्हते, ते खोताच्या कणगीत होते आणि ते भाताचे होते. चित्रपटाने पेंडशांच्या शीर्षकातून गाव उचलले आणि ‘खोत’ हा शब्द मागे ठेवला. हा केवळ शीर्षकाचा संक्षेप नाही, तो एका आकलनाचा संक्षेप आहे. चित्रपटात सरकार आहे, वाडा आहे, पण कूळ नाही. अखंड पाऊस आहे, आणि त्याचे कारण देवांचा कोप. पीठ विनायक बाहेरून बरोबर घेऊन येतो, सोने बाहेर घेऊन जातो. तुंबाडात काही पिकतच नाही. भूक हा ज्या कथेचा गाभा आहे तिच्यात अन्न पिकवणारा एकही माणूस असू नये, याचा अर्थ काय लावायचा?

यावर असे म्हटले जाईल, की भयपटाकडून शेतीचा इतिहास मागणे ही समीक्षेची आगळीक आहे. हा आक्षेप मी स्वीकारला असता, जर चित्रपटाने स्वतः सनावळी मांडली नसती. १९१८, १९३३ आणि १९४७ ही वर्षे त्याने निवडली आहेत, तर त्या वर्षांनाही बोलू द्यावे. १९१८ मध्ये मोसमी पावसाने ओढ दिली, मुंबई इलाख्यात धान्य महागले आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीने उपाशी देहांचा फडशा पाडला. भुकेच्या भुताला याहून समर्पक साल मिळणे कठीण; पण चित्रपटात ते साल केवळ पोशाखापुरते येते. १९३३ चे उदाहरण तर विलक्षण आहे. त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध कुळांचा संप सुरू झाला. तो १९३९ पर्यंत चालला. त्या काळात संपकरी कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. म्हणजे विनायक ज्या वर्षी पडक्या वाड्याच्या विहिरीत उतरतो त्याच सुमारास कोकणात खरोखरच पाऊस होता आणि पेरणी नव्हती. त्याला कारण कोणा देवाचा शाप नव्हता. राबणाऱ्यांनी स्वतः उपास पत्करून, काटक्या-मोळ्या विकून ती जमीन ओस ठेवली होती. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, १९३८ च्या आरंभी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला आणि अखेर १९४९ च्या कायद्याने खोती संपली. चित्रपटाच्या तिसऱ्या प्रकरणात वाडा आता नव्या सरकारच्या ताब्यात जाणार अशी वार्ता येते. पण ती विनायकाची घाई वाढवण्यापुरती. इतिहास येथे दारावर येतो तो अडचण म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक भारदस्त आहे, आणि त्याला आपल्या काव्यशास्त्राचा आधार मिळतो. अभिनवगुप्ताने भयानकाची चर्चा करताना ‘शाकुंतला’तील पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. ते हरीण पाहताना रसिकाला जाणवते ते शुद्ध भय, देश आणि काल यांच्या स्पर्शापासून मुक्त. मग ‘तुंबाड’ने खोत, कुळे, अर्धेल यांचे ओझे टाकून भय साधारण केले तर त्यात गैर काय? उत्तर त्याच उदाहरणात आहे. हरणाचे भय साधारण होते, कारण ते आधी विशेष आहे. मागे दुष्यंताचा रथ आहे, धनुष्याला बाण लावलेला आहे, मान वळवून पाहणाऱ्या हरणाला तो बाण कोणाकडून येतो आहे हे दिसते आहे. साधारणीकरण ही या विशेषापासून सुरू होणारी क्रिया आहे. विशेष वगळून तिचा आरंभ होत नाही. ‘तुंबाड’मध्ये हरीण आहे, धावणे आहे, दमछाक आहे, रथावरचा माणूस तेवढा चौकटीबाहेर ठेवला आहे. फ्रँको मोरेत्तीने पाश्चात्त्य भयसाहित्याविषयी दाखवून दिले होते की राक्षस समाजातील खऱ्या भयाला रूप देतो आणि त्याच वेळी ते भय त्याच्या मूळ स्थानावरून हलवतोही. ‘तुंबाड’मध्ये या दोन क्रियांपैकी दुसरी जास्त यशस्वी झाली आहे.

‘देशी’ म्हणून या चित्रपटाचे जे कौतुक होते तेही तपासले पाहिजे. धोतर, शेंडी, वाडा, आलवण यांनी देशीपण सिद्ध होत नाही. आमच्या घाटमाथ्यावर आणि खालच्या कोकणात भुताखेतांची जी व्यवस्था लोकमानसाने उभारली ती जमिनीशी आणि गावऱ्हाटीशी बांधलेली आहे. राखणदार, देवचार, आमच्या भागातला चाळोबा: प्रत्येकाला हद्द आहे, मान आहे, वर्षाची राखण आहे, आणि ती चुकली तर गाव जबाबदार आहे. मालवण तालुक्यातील आचऱ्याची गावपळण प्रसिद्ध आहे. ग्रामदेवतेचा कौल झाला की सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जातो, तीन दिवस-तीन रात्री गाव ओस राहते आणि मग कौल घेऊन माणसे परततात. ओसाडपणासुद्धा येथे सामुदायिक आहे, मुदतीचा आहे, परतीच्या वाटेसह आहे. ‘तुंबाड’चे ओसाड गाव मात्र कोणीच सोडून गेलेले नाही, तेथे बहुधा कोणी नव्हतेच. हस्तराचे नाते एका घराण्याशी आहे, गावाशी नाही. गावाशिवायचे भूत ही देशी कल्पना नव्हे, ती पर्यटकाची कल्पना आहे.

लोकश्रद्धेतील ही व्यवस्था निर्दोष होती असे मला म्हणायचे नाही. मानपानाच्या उतरंडीत जातीची उतरंड होतीच, आणि गुप्तधनाच्या नावाने झालेल्या अघोरी कृत्यांमुळे २०१३ मध्ये महाराष्ट्राला कायदा करावा लागला हे विसरता येत नाही. परंतु श्रद्धेचे विश्लेषण करायचे तर तिची रचना आधी पाहावी लागते. तिला थेट नीतिकथेत ओतणे म्हणजे विश्लेषण नव्हे.

वेगळी वाट शक्य होती काय? होती, आणि ती मराठीतूनच निघाली होती. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’वर श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये चित्रपट केला तेव्हा कथा कोकणातून आंध्रात गेली, भाषा बदलली, पण अतिमानवी वरदान आणि जमीनदाराचे घर यांची गाठ त्यांनी सुटू दिली नाही. वर मिळतो तो गूढ शक्तीकडून, वापरला जातो तो गावातील सत्तेच्या आखाड्यात. भय तेथे या दोहोंच्या सांध्यात आहे. अलीकडे विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने (२०१७) उसाच्या फडाला भयाचे स्थान केले. त्या चित्रपटाचा उत्तरार्ध संदेशाच्या भाराने वाकतो, हे खरे. तरीही तेथला ऊस हे पीक आहे, मारल्या गेलेल्या मुली कोणाच्या तरी मुली आहेत, आणि मारणाऱ्यांचा पत्ता प्रेक्षकाला कळतो. कलात्मक तुलनेत ‘तुंबाड’ कितीतरी सरस ठरेल. पण भुताचा पत्ता सांगण्याच्या बाबतीत तो या दोहोंच्या मागे पडतो.

शेवटच्या प्रसंगाविषयी दोन शब्द. विकृत झालेला बाप सोन्याने भरलेला लंगोट पुढे करतो, पांडुरंग तो नाकारतो आणि बापाला जाळून टाकतो. प्रभावी प्रसंग आहे, आणि लोभाच्या कथेचा शेवट असाच व्हायला हवा. परंतु भुकेच्या कथेचा शेवट त्यागाने होत नाही. हस्तर अजून उपाशीच आहे. पांडुरंगाच्या नकाराने त्याच्या पोटात एक घास जात नाही. ज्याला अन्नात वाटा मागितल्याबद्दल देवांनी पुरून टाकले त्याच्या बाजूने एकही क्षण विचार करावा असे या चित्रपटाला वाटले नाही, आणि आपल्या समीक्षेलाही वाटलेले नाही. पूजा निषिद्ध, नाव निषिद्ध, अन्न निषिद्ध: हे नियम आपण दुसऱ्या कोणासाठी केले होते हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगावे लागू नये.

आमच्या वर्गात बसणारी मुले बहुतेक कुळांची आणि वेठ करणाऱ्यांची पणतवंडे आहेत. आजरा हा इचलकरंजी जहागिरीचा महाल होता. येथे खोत नव्हते तरी वसुली होती. या मुलांना ‘हस्तर म्हणजे लोभ’ एवढे लिहून गुण मिळतील, अशी उत्तरपत्रिका आपण तयार करत आहोत. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांना मात्र लोभाची नव्हे तर कणगी रिकामी होण्याची भीती वाटत असे. भयाच्या समीक्षेला सुरुवात करायची असेल तर ती या दुसऱ्या भीतीपासून करावी लागेल. ती विद्यार्थिनी आपल्या निबंधात काय लिहिते याची मी वाट पाहतो आहे. लावणीमुळे तिने आठ दिवसांची मुदत मागून घेतली आहे.